धुळीचा ठेकेदार

दिवाळीच्या आधीचे दिवस. मुंबई-पुण्यातील एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या फाटकातून एक छोटा टेम्पो आत येतो. त्याच्या हौद्यात पंप असतो, पंपाला इंजिन जोडलेले असते आणि बाजूला लांबलचक नळीचे वेटोळे पडलेले असते. कामगार नळी उलगडतात, इंजिन धडधडू लागते आणि पाण्याच्या झोताने गच्चीवरचे शेवाळ, टाक्यांतील गाळ, वाहनतळाच्या फरशीवरचे तेलाचे डाग दोन-चार तासांत निघून जातात. यंत्र संस्थेच्या मालकीचे नसते. ते ठेकेदाराचे असते. रहिवासी पैसे मोजतात ते यंत्राचे नव्हेत, स्वच्छ झालेल्या जागेचे. हा व्यवहार आपल्या इतका अंगवळणी पडला आहे, की तो कधीतरी कोणीतरी प्रथम करून पाहिला असेल, त्यासाठी लोकांचा रोष पत्करला असेल, कोर्टकचेऱ्या केल्या असतील, हे ध्यानातही येत नाही.

सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी लंडनच्या रस्त्यांवर अशीच एक गाडी फिरू लागली. ती घोडे ओढत, तिचा रंग लालभडक होता आणि तिच्यातही पंप, इंजिन व नळ्यांची वेटोळी होती. फरक इतकाच, की या गाडीतून पाणी बाहेर फेकले जात नसे. घरांतील हवा तिच्यात ओढली जाई आणि हवेबरोबर वर्षानुवर्षांची धूळ. ह्यूबर्ट सेसिल बूथ हा त्या गाडीचा कर्ता. व्हॅक्युम क्लीनरचा जनक म्हणून शालेय पुस्तकांत त्याचे नाव एका ओळीत येते. परंतु बूथ आरंभी व्हॅक्युम क्लीनर विकत नव्हता. तो धूळ काढून देण्याचा ठेका घेत होता, आणि त्याच्या आयुष्याची खरी गोष्ट त्या ठेक्यातच आहे.

बूथचा जन्म ४ जुलै १८७१ रोजी इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे झाला. वडील इमारती लाकडाचे व्यापारी. शालेय शिक्षण गावातच झाले आणि १८८९ मध्ये प्रवेशपरीक्षा देऊन तो लंडनच्या सेंट्रल टेक्निकल कॉलेजात दाखल झाला. विल्यम अनविन या नामवंत प्राध्यापकांच्या हाताखाली त्याने तीन वर्षे स्थापत्य आणि यंत्र अशा दोन्ही शाखांचा अभ्यास केला. अभियांत्रिकी विभागात दुसरा क्रमांक मिळवून तो बाहेर पडला आणि डिसेंबर १८९२ मध्ये मॉड्स्ले, सन्स अँड फील्ड या लंडनमधील जुन्या कंपनीच्या नकाशाघरात नोकरीस लागला. जहाजांची वाफेची इंजिने बनविण्यात या कंपनीचा मोठा लौकिक होता.

नेमक्या याच सुमारास एक नवेच खूळ जगभर पसरत होते. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात फेरिस नावाच्या अभियंत्याने उभारलेल्या अजस्र पाळण्याने लोकांना वेड लावले होते. आपल्याकडच्या जत्रेतील लाकडी पाळण्याचाच हा अवतार, मात्र पोलादाचा आणि मजल्यांवर मजले चढलेल्या इमारतीएवढा उंच. मॉड्स्ले कंपनीचे एक संचालक वॉल्टर बॅसेट यांनी युरोपात असे पाळणे बांधण्याचे मनावर घेतले आणि आराखड्यांचे काम तरुण बूथकडे आले. लंडनच्या अर्ल्स कोर्ट येथे १८९५ साली एम्पायर ऑफ इंडिया या नावाने मोठे प्रदर्शन भरले, त्यासाठी पहिला पाळणा उभा राहिला. हिंदुस्थानच्या नावाने भरलेल्या त्या प्रदर्शनात लंडनकरांनी सुमारे चौऱ्याण्णव मीटर उंचीवरून आपलेच शहर पाहून घेतले. त्यानंतर ब्लॅकपूल, व्हिएन्ना आणि पॅरिस येथेही पाळणे झाले. व्हिएन्नाचा पाळणा १८९७ चा. सायकलच्या चाकाप्रमाणे ताणलेल्या तारांच्या आऱ्यांवर त्याची धाव तोललेली आहे.

या पाळण्यांचा उल्लेख केवळ कौतुकापोटी केलेला नाही. बूथच्या बुद्धीची घडण त्यांत दिसते. ज्या वयात इतर अभियंते बोल्ट आणि झडपा रेखाटतात, त्या वयात त्याने शेकडो टनांचे सांगाडे हवेत फिरते ठेवले. साहजिकच एखादा प्रश्न समोर आला की त्याचे उत्तर त्याला मोठ्या आकारातच सुचे. पुढे त्याच्या धंद्याला या सवयीनेच बळ दिले आणि तिनेच शेवटी त्याची वाटही अडविली.

१९०१ साली बूथने लंडनमध्ये स्वतंत्र सल्लागार अभियंता म्हणून काम सुरू केले. त्याच वर्षी लेस्टर स्क्वेअरच्या एम्पायर म्युझिक हॉलमध्ये एका अमेरिकन संशोधकाने आपले सफाईयंत्र दाखविण्याचा कार्यक्रम ठेवला होता, तेथे तो गेला. हे यंत्र गालिच्यावर दोन बाजूंनी दाबलेल्या हवेचे झोत सोडत असे. धूळ उसळून वर ठेवलेल्या पेटीत जाऊन पडावी, अशी कल्पना. प्रत्यक्षात थोडी धूळ पेटीत जाई आणि बाकीची सभागृहात उडून पुन्हा गालिच्यावरच येऊन बसे. कार्यक्रम संपल्यावर बूथने संशोधकाला गाठले आणि हवा फुंकण्याऐवजी धूळ ओढून का घेत नाही, असे विचारले. संशोधकाचा चेहरा लाल झाला. ते अशक्य आहे, अनेकांनी करून पाहिले आणि सोडून दिले, असे तुटक उत्तर देऊन तो निघून गेला.

बूथच्या डोक्यातून मात्र ती गोष्ट जाईना. काही दिवसांनी व्हिक्टोरिया स्ट्रीटवरील एका उपाहारगृहात बसला असता त्याने समोरच्या मखमली खुर्चीच्या पाठीला तोंड लावले आणि जोराने श्वास आत ओढला. घशात धुळीचा लोट गेला आणि तो गुदमरला. हातरुमाल मध्ये धरून त्याने हाच प्रयोग केला आणि रुमालाच्या दुसऱ्या बाजूला धुळीचा काळा ठसा उमटला, असेही सांगतात. प्रतिष्ठित उपाहारगृहात एक सुशिक्षित गृहस्थ खुर्चीला तोंड लावून खोकत आहे, हे दृश्य इतर गिऱ्हाइकांना कसे दिसले असेल, याची कल्पनाच करावी. त्या एका खोकल्यात त्याला दोन्ही उत्तरे मिळाली होती. धूळ ओढली जाते, आणि हवा जाऊ देईल पण धूळ अडवील असे कापड मध्ये घातले की ती पकडताही येते.

हा शोध लंडनमध्ये लागावा याला कारण होते. आपल्याकडे जमीन सारवायची, फरशी झाडायची, पुसून घ्यायची, सतरंजी अंगणात नेऊन झटकायची. धुळीला घरात मुक्काम करायला जागाच फारशी नाही. त्या काळच्या सुखवस्तू इंग्रज घरात मात्र भिंतीपासून भिंतीपर्यंत जड गालिचे, दारांवर मखमली पडदे, लोकर आणि केस भरलेल्या गाद्यागिरद्या. प्रत्येक खोलीत कोळशाची शेगडी, बाहेर हजारो घोड्यांची लीद पडलेले रस्ते. वर्षातून एकदा वसंत ऋतूत सारे घर उलथेपालथे करून गालिचे बाहेर काढायचे आणि ते बदडायचे. एरवी ओला चहाचा चोथा पसरून झाडूने तो गोळा करायचा. ही मेहनत घरातल्या मोलकरणींची, आणि उडालेली धूळही त्यांच्याच छातीत. रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये क्षयाचे जंतू शोधून काढल्यापासून या धुळीकडे लोक भीतीने पाहू लागले होते. क्षय मुख्यतः रुग्णाच्या खोकल्यातून हवेत जाणाऱ्या सूक्ष्म कणांवाटे पसरतो, हे पुढे स्पष्ट झाले. परंतु त्या वेळी गालिच्यातली धूळ म्हणजे रोगाचे कोठारच, अशी समजूत होती.

बूथने यंत्राचा विचार अभियंत्याप्रमाणे केला. ओढणे हा शब्द आपण वापरतो खरा, पण निर्वात जागा काही ओढत नाही. पंपाने नळीतील हवा काढून घेतली की तेथील दाब उतरतो, आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब, जो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो असतो, आजूबाजूची हवा नळीत ढकलतो. नळीचे तोंड अरुंद फटीसारखे केले की ही हवा गालिच्याच्या धाग्यांमधून वेगाने वाहते आणि रुतलेली धूळ सोबत घेऊन जाते. वाटेत कापडी गाळणी ठेवली की धूळ तेथे थांबते आणि स्वच्छ हवा पंपातून बाहेर पडते. ३० ऑगस्ट १९०१ रोजी त्याने पेटंटसाठी अर्ज दाखल केला.

या वाटेने जाणारा बूथ एकटाच नव्हता. अमेरिकेत हाताने फिरवायची ओढयंत्रे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच निघाली होती, पण ती चालवताना माणूसच थके. सेंट लुईस शहरात जॉन थर्मन याने १८९९ मध्ये हवा फुंकणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले होते आणि तोही घोडागाडीतून दारोदार जाऊन गालिचे साफ करून देत असे. डेव्हिड केनी याने पिट्सबर्गमध्ये १९०२ च्या सुमारास इमारतीच्या तळघरात बसवायचे ओढयंत्र केले. जनकपदाचा वाद घालायचा तर त्याला अंत नाही. इंजिनाच्या बळावर चालणारा पंप आणि धूळ अडविणारी कापडी गाळणी यांची जोड घालून, ती चारचौघांच्या घरापर्यंत पोहोचविणारा यशस्वी व्यवसाय उभा करणे, हे बूथचे कर्तृत्व.

यंत्र तयार झाले तेव्हा पुढचा प्रश्न उभा राहिला, की ते घेणार कोण? त्यात मोठा दट्ट्याचा पंप होता आणि तो चालविण्यासाठी पाच अश्वशक्तीचे इंजिन. कोणत्याही दिवाणखान्यात ते मावले नसते. विजेवर चालवावे तर बहुतेक घरांत अजून वीजच नव्हती. इंग्लंडात किती माणसांनी ते विकत घेतले असते आणि ठेवले असते कोठे? एखाद्याने येथेच हात टेकले असते. बूथने उलट हिशेब मांडला. यंत्र घरात जात नसेल तर ते रस्त्यावर उभे राहील, घरात फक्त नळी जाईल. यंत्राची किंमत एका गिऱ्हाइकाला परवडत नसेल तर ती शंभर गिऱ्हाइकांत वाटली जाईल. १९०२ च्या आरंभी कंपनी स्थापन झाली. ब्रिटिश व्हॅक्युम क्लीनर कंपनी या नावाने ती ओळखली जाऊ लागली, आणि तिने विकायला काढली ती सेवा.

ठेका ठरला की लाल गाडी दारासमोर येऊन उभी राही. गणवेश घातलेले कामगार उतरत आणि खिडक्यांतून नळ्या आत नेत. नळ्या जोडत जोडत आठशे फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे दोनशे चाळीस मीटर, नेता येत. आत कामगार नळीचे तोंड गालिच्यावरून, पडद्यांवरून, खुर्च्यांवरून फिरवीत आणि बाहेर इंजिन धडधडत राही. सामान हलवायचे नाही, गालिचा उखडायचा नाही, धुळीचा एक कणही खोलीत उडत नाही. गणवेशाचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण श्रीमंताच्या शयनगृहात अनोळखी माणसांना शिरायचे होते. कपडे मळके असते तर दार उघडलेच नसते. साफसफाईचा धंदा करणाऱ्याने आधी स्वतः स्वच्छ दिसले पाहिजे, ही गोष्ट बूथला पहिल्या दिवसापासून उमगली होती.

धंद्याचे खरे विघ्न मात्र घरात नव्हते, रस्त्यावर होते. इंजिनाच्या आवाजाने भाड्याच्या घोडागाड्यांचे घोडे बिथरू लागले. गाडीवाल्यांनी कंपनीवर नुकसानभरपाईचे दावे लावले. पोलिसांनी आणखी मूलभूत हरकत घेतली. सार्वजनिक रस्ता जाण्यायेण्यासाठी आहे, तेथे यंत्र उभे करून धंदा चालविण्याचा कंपनीला अधिकारच नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. हे म्हणणे मान्य झाले असते तर बूथचा व्यवसाय त्याच दिवशी संपला असता, कारण रस्त्यावर उभे राहणे हाच त्याचा पाया होता. प्रकरण सरन्यायाधीशांपर्यंत गेले आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. रस्त्यावर उभे राहून काम करण्याचा या यंत्राला हक्क आहे, असे ठरले. पंपाच्या आराखड्यापेक्षा हा निकाल बूथच्या अधिक कामाचा ठरला, असे म्हटले तर वावगे होणार नाही. हातगाडीवाल्यापासून ठेकेदारापर्यंत ज्यांची ज्यांची रोजीरोटी रस्त्याच्या कडेवर अवलंबून आहे, त्यांना त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

दुसरी अडचण नाजूक होती. ज्या घराची मालकीण आपले घर लखलखीत असल्याचे समजत आहे, तिला ते घाण आहे हे सांगायचे कसे? बोलून दाखविले तर गिऱ्हाईक जाते, न बोलावे तर काम मिळत नाही. बूथच्या कंपनीने यावर मोठी शक्कल काढली. नळीच्या मार्गात पारदर्शक तुकडे बसविले. काम चालू असताना त्यांतून करडी धूळ वाहत जाताना दिसे. कोणी काही म्हणायची गरजच उरली नाही. घरमालकिणीने डोळ्यांनी पाहावे आणि चकित व्हावे. पाहतापाहता त्याची करमणूकच झाली. लंडनच्या उच्चभ्रू स्त्रिया मैत्रिणींना चहाला बोलावून आपल्या गालिच्यातील धूळ नळीतून जाताना दाखवू लागल्या. स्वतःच्या घरातील घाणीचे प्रदर्शन मांडून त्यावर चहा पिण्याचा हा सोहळा जगाच्या इतिहासात बहुधा एकमेव असेल. तोच गालिचा वर्षानुवर्षे गुडघ्यांवर बसून झाडणारी मोलकरीण त्या वेळी चहाचे तबक घेऊन दाराशी उभी असणार. त्या काचेच्या तुकड्यातून काय वाहते आहे, ते तिला नव्याने कळण्याजोगे नव्हते.

कोणत्याही ठेकेदाराचे नशीब बहुधा एखाद्या मोठ्या कामाने उघडते. बूथला ते १९०२ च्या उन्हाळ्यात मिळाले. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाची तयारी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये चालली होती. राजाच्या आजारपणामुळे आणि शस्त्रक्रियेमुळे २६ जूनचा सोहळा पुढे ढकलला जाऊन तो ९ ऑगस्टला झाला. सिंहासनांखाली अंथरलेला विस्तीर्ण निळा गालिचा मळल्याचे लक्षात आले, आणि तो उचलून बाहेर नेऊन बदडण्याची सोय नव्हती. बूथच्या कंपनीला पाचारण झाले. यंत्र बाहेर उभे राहिले, नळ्या त्या प्राचीन मंदिरात शिरल्या आणि गालिचा जागच्या जागी साफ झाला. ही वार्ता राजाच्या कानावर गेली. बकिंगहॅम राजवाड्यात प्रात्यक्षिक झाले आणि राजवाड्यासाठी व विंडसरच्या किल्ल्यासाठी यंत्रे घेतली गेली.

त्यानंतर लाल गाडीकडे पाहून नाक मुरडण्याची कोणाची प्राज्ञा राहिली नाही. नाटकगृहे, दुकाने, उमरावांचे वाडे, सगळीकडून बोलावणी येऊ लागली. टांकसाळीची एक मजेदार हकिकत सांगतात. तेथील सफाई आटोपून यंत्र बाहेर निघाले तेव्हा पोलिसांनी ते अडविले, कारण पिशवीतील धुळीत चांदीचा भरपूर चुरा निघाला. पिशवी रिकामी करायची राहून गेली होती. बूथवर चोरीचा आळ येता येता टळला.

आश्चर्य म्हणजे हा सारा व्याप चालू असताना त्याने मूळ पेशा सोडला नव्हता. स्कॉटलंडमधील लॉक एटिव्ह या खाडीवर कॉनेल फेरी येथे पोलादी पूल उभा राहत होता, त्याच्या उभारणीची देखरेख १९०२ मध्ये बूथकडे होती. १९०३ साली पूल रेल्वेसाठी खुला झाला. एकीकडे प्रचंड पुलाच्या तुळया जागेवर बसविणे आणि दुसरीकडे लंडनमधील दिवाणखान्यांच्या पडद्यांचा हिशेब ठेवणे! पुलांचा अभियंता धूळ काढण्याच्या धंद्यात पडला याबद्दल त्याला कमीपणा वाटल्याचे कोठे दिसत नाही. दोन्हीकडे त्याने सारख्याच गांभीर्याने लक्ष घातले.

मोठ्या इमारतींसाठी कंपनीने तळघरात कायमचे यंत्र बसवून प्रत्येक खोलीत भिंतीला नळीचे तोंड काढून देण्याची सोय केली. नळ उघडावा तसे झाकण उघडायचे आणि नळी जोडायची. पुढे, १९०६ च्या सुमारास, घरात ढकलत नेण्याजोगे ट्रॉली-व्हॅक नावाचे विजेचे यंत्रही निघाले. पण तेही वजनाने जड आणि किमतीने भारी होते. मोठा पंप, भक्कम बांधणी, अनेक वर्षे टिकणारे काम, ही बूथची रीत त्यातही उतरली होती. सामान्य घरातली बाई ते जिन्यावरून वर नेऊ शकत नव्हती.

मोठ्या यंत्रांचे सामर्थ्य पुन्हा एकदा दिसून आले ते पहिल्या महायुद्धात. १८५१ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेला आणि पुढे सिडनहॅम येथे हलविलेला क्रिस्टल पॅलेस हा काचेचा प्रचंड महाल युद्धकाळात नौदलाच्या ताब्यात होता. हजारो जवान तेथे दाटीवाटीने राहत होते. अशात त्यांच्यामध्ये अंगावर पुरळ उठणारा एक घातक ताप पसरला. मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा तो रोग होता. माणसे पटापट आजारी पडत होती आणि कारण उमगत नव्हते. जवानांची अंथरुणे हलवूनही भागेना. महालाच्या लोखंडी तुळयांवर आणि आडव्या पट्ट्यांवर कित्येक वर्षांच्या धुळीचे थर साचले होते, त्यांच्याकडे संशयाचे बोट वळले. इतक्या उंचीवर झाडू चालवला असता तर सगळी धूळ खाली झोपलेल्या माणसांवर आली असती. बूथची पंधरा यंत्रे तेथे रांगेने लावण्यात आली. नळ्या तुळयांपर्यंत चढविल्या गेल्या. काम संपले तेव्हा त्या एका इमारतीतून सव्वीस टन धूळ बाहेर निघाली होती.

साथ त्यानंतर ओसरली आणि श्रेय यंत्रांना मिळाले. आजच्या वैद्यकाच्या दृष्टीने पाहता हा रोग माणसांकडून माणसांना, श्वासातील तुषारांवाटे लागतो आणि दाटीवाटीच्या राहणीत फोफावतो; तुळयांवरील धूळ हे त्याचे मूळ नव्हे. त्यामुळे बूथच्या यंत्रांनी साथ थांबविली असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. परंतु शेकडो जवानांच्या डोक्यावरून सव्वीस टन धूळ हटली, तीही खाली न सांडता, हे खरेच. पाळणे आणि पूल बांधणाऱ्या माणसाला उंचीवरच्या तुळयांपर्यंत पोहोचण्याचे काही भय वाटण्याजोगे नव्हतेच.

तोवर अमेरिकेत एक वेगळीच घटना घडून गेली होती. ओहायो राज्यातील कँटन गावी जेम्स मरे स्पँगलर नावाचा एक प्रौढ मनुष्य दुकानात झाडलोट करण्याच्या नोकरीवर होता. त्याला दम्याचा विकार होता आणि झाडताना उडणाऱ्या धुळीने तो हैराण होई. त्याने विजेचा एक छोटा पंखा, एक पेटी, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एवढ्या सामानातून आपल्यापुरते यंत्र जुळविले. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि त्याच वर्षी विल्यम हूव्हर या चामडी सामानाच्या कारखानदाराने ते हक्क विकत घेतले. स्पँगलरजवळ प्राध्यापक अनविनांची विद्या नव्हती आणि पोलादी पाळण्यांचा अनुभवही नव्हता. त्याला स्वतःचा श्वास सोडवायचा होता आणि यंत्र एका हाताने ढकलता यायला हवे होते. त्या गरजेने त्याला नेमके तेथे नेले, जेथे बूथची दृष्टी गेली नव्हती. पंप नकोच, लहान पंखा पुरे. ओढ थोडी कमी असली तरी चालेल, कारण यंत्र रोज वापरता येते. घरोघरी वीज पोहोचू लागली तसे हे हलके यंत्र घरोघरी शिरले आणि ठेकेदाराची गाडी दारातून मागे हटली.

बूथची कंपनी काही बुडाली नाही. कारखाने, गोदामे आणि मोठ्या इमारती यांच्यासाठी भारी यंत्रे बनविण्यात तिचा जम बसला. घरगुती वस्तूंसाठी तिने गॉब्लिन हे नाव घेतले. त्या नावाने हलकी सफाईयंत्रे तर निघालीच, पण पहाटे गजर होण्याआधी आपोआप चहा तयार ठेवणारे घड्याळही निघाले आणि इंग्रज माणसाला ते विलक्षण भावले. ज्यांच्या चहाच्या मेजवान्यांत या कंपनीची कीर्ती वाढली, त्यांच्या नातवंडांना तिने अंथरुणात चहा दिला, असा हा गमतीदार योग.

बूथचा विवाह शार्लट पिअर्स यांच्याशी झाला होता आणि त्यांना दोन मुलगे होते. त्याच्या खासगी आयुष्याबद्दल यापेक्षा फारसे लिहिले गेलेले नाही. गाजावाजा करण्याचा त्याचा स्वभाव नसावा. १९३०च्या दशकात तंत्रज्ञानाच्या इतिहासाला वाहिलेल्या न्यूकॉमन सोसायटी या संस्थेपुढे त्याने आपल्या शोधाची हकिकत स्वतः सांगितली. एम्पायर म्युझिक हॉलमधील तो रागावलेला संशोधक आणि व्हिक्टोरिया स्ट्रीटवरील ती खुर्ची आज आपल्याला ठाऊक आहे ती त्या निवेदनामुळे. त्याच सुमारास, १९३३ मध्ये, लंडनच्या पश्चिमेला पेरिव्हेल येथे हूव्हर कंपनीचा पांढराशुभ्र दिमाखदार कारखाना सुरू झाला. इंग्रजी बोलणाऱ्या गृहिणीच्या तोंडी घर यंत्राने झाडण्यासाठी जे क्रियापद रुळले, तेही हूव्हरच्या नावावरून. बूथच्या स्वतःच्या गावातही लोक तेच क्रियापद वापरतात.

१४ जानेवारी १९५५ रोजी क्रॉयडन येथे वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी बूथचे निधन झाले. अर्ल्स कोर्टचा पाळणा १९०७ मध्येच उतरविला गेला होता, ब्लॅकपूल आणि पॅरिसचे पाळणेही मोडीत निघाले होते. व्हिएन्नाचा पाळणा १९४४ मध्ये युद्धाच्या आगीत जळाला, पण त्याचा सांगाडा टिकला. तो पुन्हा उभा राहिला तेव्हा तीसपैकी पंधराच डबे त्याला लावण्यात आले. तेवढे पंधरा डबे घेऊन तो आजही फिरतो आहे.